पावलांनी मोजलेली घरं

मी, सौ. ऊर्मिला हरीश चौबळ, वय ५१, व्यवसाय वास्तुरेखाटन, राहणार ब्राउनश्वाइग, जर्मनी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, हात नाही. इथल्या कायद्याला टाइप केलेलं चालत नाही, सगळं स्वहस्ते लागतं, आणि पार्किन्सनमुळे माझं अक्षर ओळीगणिक बारीक होत जातं. शेवटच्या पानावरची मुंग्यांची रांग माझीच आहे, याबद्दल कुणी शंका काढू नये.

१. राहत्या घरातला माझा निम्मा हिस्सा माझे पती हरीश यांना द्यावा. अहो, तळघरातली ओल आधी बघून घ्या. “बघतो” हे मी अकरा वर्षं ऐकते आहे.

२. माझी बचत आणि आईच्या पाटल्या कन्या मैथिली हिला. साड्या माझी मैत्रीण निशिगंधा हिला, ती निदान नेसेल तरी.

३. आता नकाशे. १९९३पासून दर उन्हाळ्यात आम्ही गाडी बोटीत चढवून इंग्लंडला जायचो आणि मी तिथल्या उमरावांची घरं काढायची. शतकं क्रमानं घेतली. आधी ट्यूडर काळाच्या सुरुवातीची: लाल विटा, उंच धुराडी, आणि मालक नि गडी एकत्र जेवत ते एकच मोठं दालन. मग पहिल्या एलिझाबेथ राणीच्या वेळची, भिंतीपेक्षा काच जास्त असलेली. मग अठराव्या शतकातली, इटलीच्या धर्तीच्या खांबांची. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून तिथे खोट्या खिडक्यासुद्धा कोरलेल्या असत. १९९९पासून व्हिक्टोरिया राणीच्या काळातली घेतली. तिथे चर्चसारख्या कमानी, मनोरे, आणि गडीमाणसं नजरेस पडू नयेत म्हणून वेगळे जिने.

आत टेप लावू देत नसत, म्हणून मी पावलांनी मोजायची. माझं पाऊल बासष्ट सेंटिमीटरचं, कॉलेजच्या मैदानावर शंभरदा तपासलेलं. हरीश चहाच्या खोलीत बसत. मैथिली माझा हात धरून जर्मनमध्ये कुरकुरत असे.

यातून माझं पुस्तक लिहून तयार झालं, छापायचं मात्र राहिलं. त्याचा निष्कर्ष असा की व्हिक्टोरियन दालनं आधीच्या शतकापेक्षा पाचव्या हिश्श्यानं लांब, कारण नव्या कारखानदारांना जुन्या सरदारांवर कडी करायची होती. हा निष्कर्ष मला फार आवडला होता.

४. माझी ड्रॉइंगची पेटी पुण्याच्या चारुदत्त यास द्यावी. हा माझा वर्गमित्र, आता वास्तुकलेचा प्राध्यापक. २००३ साली पुस्तकाचा मसुदा वाचून त्यानं पत्रातून विचारलं होतं, ही लांबी पटत नाही, तू मापं पुन्हा तपासलीस का. मी त्याला खुर्चीत बसून घरं बघणारा म्हटलं आणि तेव्हापासून बोलले नाही. चारू, तुझं बरोबर होतं.

५. कारण गेल्या उन्हाळ्यात मी नॉरफोकमधल्या माझ्या पहिल्याच घरात पुन्हा गेले. १९९३ साली तिथलं दालन बावीस पावलं भरलं होतं. आता अठ्ठावीस भरलं. तीनदा मोजलं. घर काही वाढलं नव्हतं. शरद ऋतूत डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं.

तेव्हापासून मला एकच काळजी खाते आहे: पाऊल आखूड व्हायला लागलं कधी? डॉक्टर म्हणतात, हे कळण्याआधी वर्षानुवर्षं चालू असतं, नक्की सांगता येत नाही. १९९६ असेल, तर खांबांची घरंही गेली. मग माझ्याजवळ खरं काय उरलं? मरणाची भीती वाटत नाही असं लिहिणार होते. वाटते. पण त्याहून जास्त भीती ही की माझ्यामागे कुणीतरी प्रेमानं हे पुस्तक छापेल आणि माझा आजार त्या घरांची लांबी म्हणून कायमचा राहील.

सबब माझी सक्त सूचना: सन २००१ आणि त्यानंतरचा एकही नकाशा टेपनं पुन्हा मोजल्याशिवाय कुणाला दाखवू नये.

६. वरचं साल परवापर्यंत कोरं होतं. मैथिली आता सोळा वर्षांची आहे, तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे सगळं मी तिला वाचून दाखवलं. कोऱ्या जागेपाशी मी थांबले. ती म्हणाली, “२००१. डर्बीशायरचं ते मनोऱ्यांचं घर. गेनाऊ.” म्हणजे अगदी नक्की.

तुला कसं माहीत, असं मी विचारलं. एरवी उत्तर जर्मनमध्ये येतं. या वेळी ती शब्द शोधत मराठीत म्हणाली, “त्याच्याआधी मला तुझ्यामागे पळायला लागायचं. तिथे नाही लागलं. मला वाटलं, आई माझ्यासाठी हळू चालते. मला इतकं छान वाटलं, म्हणून लक्षात आहे.”

मी साल भरलं. तिला खरं काय ते ठाऊक आहे, तरी इथे लिहून ठेवते की तिच्यासाठी मी कधीच हळू चालले नव्हते. चालायला हवं होतं.

हे सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि मान्य केलं आहे. इथे साक्षीदार लागत नाहीत, पण दोन सह्यांशिवाय मला चैन पडणार नाही.

स्थळ: ब्राउनश्वाइग
दिनांक: ११ मार्च २००७

सही: ऊर्मिला हरीश चौबळ

साक्षीदार:
१. निशिगंधा रुपेश वाळिंबे, एश्बॉर्न
२. विनय अनंत खांडेकर, ब्राउनश्वाइग