सासूबाईंचा बोकड

१६ ऑगस्ट
सासूबाईंनी डोंगरी बोकडाच्या शिकारीचा परवाना काढला. वय एकाहत्तर. सासरे गेल्यापासून दोन वर्षं त्यांनी बंदुकीला हात लावला नव्हता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. आज जेवताना म्हणाल्या, यंदा फ्रीजरमध्ये बोकड हवाच. माझी बायको सिग्ने म्हणाली, आई, एकटी जायचं नाही हं.
मी म्हणालो, एकटी कशाला? मी आहे की!
हे माझ्या तोंडून कसं गेलं कळत नाही. पण गेलं ते बरंच. म्हातारीला आधार हवाच.

१७ ऑगस्ट
एकोणीस वर्षं बंदरावरच्या दुकानात शिकारीचं सामान विकतोय. आमचं अख्खं पीटर्सबर्ग गाव मला विचारल्याशिवाय बूट घेत नाही. म्हणजे अनुभव दांडगा. फक्त प्रत्यक्ष जाणं राहिलंय.
संकल्प: रोज सकाळी गावामागचा डोंगर. पाठीवर वीस किलो.

१८ ऑगस्ट
पाऊस. उद्यापासून.

२२ ऑगस्ट
पाऊस थांबेपर्यंत थांबायचं तर अलास्कात जन्माला यायलाच नको होतं. निघालो. वीसऐवजी पाच किलो. पहिल्या वळणावरून खाली बंदर दिसलं. होड्या काडेपेट्यांएवढ्या. पाय लटपटले. उत्साह, दुसरं काय. पाच किलोसुद्धा जास्त झाले असावेत. परत आलो.

२७ ऑगस्ट
म्हातारा ओडमुंड दुकानात आला. पाव किलो खिळे घेतले आणि तासभर बोलला. म्हणे, बोकडाला गोळी लागली की तो कड्यावरून खाली पडतो. आणि त्याच्यामागे वाकून बघायला गेलेला माणूसही. असे दोघे त्याच्या माहितीतले. मग म्हणाला, तुझा सासरा एनार मात्र पक्का गडी, एकोणीस बोकड मारले!
संध्याकाळी जेवण गेलं नाही. मासा शिळा असावा. सिग्ने म्हणते ताजा होता.

१ सप्टेंबर
सासूबाई घाबरल्यात. पुरावा: बंदूक साफ करताना गुणगुणत होत्या. भीती वाटली की माणसं गुणगुणतात. मी त्यांना सुचवलं, आपण यंदा हरीण मारू, ते सपाटीवर असतं. त्या आणखी मोठ्याने गुणगुणायला लागल्या. मानी बाई आहे. कबूल करणार नाही.

३ सप्टेंबर
उजव्या गुडघ्यात कळ. सिग्नेला दाखवलं. तिने गुडघा दाबला, मी ओरडलो. ती म्हणाली, काल डावा म्हणाला होतास ना?

५ सप्टेंबर
सासूबाईंची होडी. समुद्र ओलांडून पलीकडच्या डोंगरापर्यंत दीड तास. त्या सुकाणूवर, मी सामानावर लक्ष ठेवून. डोळे मिटूनही लक्ष ठेवता येतं.
उतरल्या उतरल्या चिखलात अस्वलाच्या पंजाचा ठसा. माझ्या टोपीएवढा. सासूबाई म्हणाल्या, कालचा आहे. म्हणजे आज तो कुठे आहे, हे कुणीच सांगत नाही.
दिवसभर चढ. वाट अशी नाहीच. काटेरी झुडपं धरून वर जायचं. संध्याकाळी झाडं जिथे संपतात तिथे तंबू. पुढे नुसता खडक. मी तंबूचं तोंड खडकाकडे होऊ दिलं नाही.

६ सप्टेंबर, सकाळी ९:३०
कडा. वाट दोन हात रुंद. डावीकडे भिंत, उजवीकडे काहीच नाही. आणि हे काहीच नाही फार खोल आहे.
मी बसलोय. बसून लिहितोय. लिहिलं नाही तर बघावं लागेल.

११:१५
जे झालं ते लिहून ठेवतो. पाय उचलत नव्हते. हातही नाही. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते आज कळलं. पुढे गेलेल्या सासूबाई मागे फिरल्या, शेजारी टेकल्या आणि थर्मासमधली कॉफी पाजली. पेला त्यांनीच धरला.
मी म्हणालो, एनार असते तर लाजले असते.
त्या म्हणाल्या, एनार? अरे, तो त्या शेवटच्या झाडांच्या वर कधी आलाच नाही! खालीच बसायचा. कॉफी करायचा.
मी म्हणालो, मग एकोणीस बोकड?
माझे, त्या म्हणाल्या. बंदरावर तो सांगत सुटायचा. मी म्हटलं, सांगू दे. मला काय, मटण मिळाल्याशी मतलब.
मग मला एका खोबणीत नीट बसवलं, लहान मुलाला बसवावं तसं. जावईबापू, इथून हलायचं नाही, म्हणाल्या, आणि वर गेल्या.
मी मागची बाजू सांभाळतोय.

१२:०५
गोळीचा आवाज. एकच.

१:३०
धुकं. माझे बूट दिसतात, त्यापुढे काही नाही. आता दरी दिसत नाही हे चांगलं की वाईट, ठरत नाही.

२:१५
हाक मारली. उत्तर नाही. वरून दगड घरंगळत गेले. पडल्याचा आवाज बराच वेळ ऐकू आला नाही.
ओडमुंड म्हणाला होता, वाकून बघायला गेलेला माणूसही.

२:५०
पुन्हा हाक. काही नाही. सिग्नेला काय सांगू? आई वर गेली आणि मी खोबणीत बसलो होतो?

३:००
जातो. देवा, मी जातो.

७ सप्टेंबर, तंबूत
गेलो. हातापायांवर. पावलं मोजत होतो, म्हणजे डोकं दुसरं काही मोजणार नाही. तोंडाने सासूबाई, सासूबाई चाललं होतं. रडलोही असेन. धुकं फार ओलं होतं.
चाळीसपर्यंत मोजलं आणि पुढचा दगड हातातून निसटला. मग ना पुढे, ना मागे. गाल खडकाला लावून पडून राहिलो. किती वेळ, माहीत नाही.
धुक्यातून बूट आले. सासूबाईंचे. पाठीवर मांस, वर बोकडाचं पांढरं डोकं. त्या क्षणी दोन चेहरे माझ्याकडे बघत होते, आणि बोकडाचा जास्त समजूतदार वाटला.
"हाल्वर! तू इथे काय करतोयस? हलू नको म्हटलं होतं ना?"
मी म्हणालो, तुम्हाला शोधायला आलो.
त्यांनी ओझं उतरवलं, माझ्या कमरेला दोर बांधला. खाली येईपर्यंत एकेक पाय कुठे ठेवायचा ते सांगत होत्या. डावा. उजवा. तो नाही, दुसरा उजवा. मला झाडांत सोडून त्या उरलेलं मांस आणायला दोनदा वर गेल्या. मांस टाकून यायला कायद्याने बंदी आहे.
उद्या खाली नेताना जड ओझं मी घेणार. झाडांतून. हे मात्र नक्की.

९ सप्टेंबर
शिकारीच्या नियमाप्रमाणे शिंगं दाखवायला दोघं सरकारी ऑफिसात. साहेबाने शिंगांची वर्तुळं मोजली. नऊ वर्षांचा नर. मला विचारलं, कसं वाटलं वरती? मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, मांस यानेच वाहिलं.
दुपारी दुकानात ओडमुंड आला. म्हणाला, काय, मारलास? मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं.
सासूबाईंनी मारला, म्हणालो.
तो म्हणाला, एनारचे एकोणीसही तीच मारायची. आणि खिळे घेऊन गेला.

१३ सप्टेंबर
मांस चिवट. चार तास शिजवलं. सिग्नेने आईला विचारलं, हा नीट वागला ना? सासूबाई चावत होत्या. चावून झाल्यावर म्हणाल्या, तुझा बाप इतक्या वर्षांत मला शोधायला कधी वर आला नाही. हा आला.
माझ्या घशात काहीतरी अडकलं. मांस असेल. नाही. मांस नव्हतं.
मग त्या म्हणाल्या, सापडला तेव्हा मात्र शिंपल्यासारखा खडकाला चिकटला होता. सोलून काढावा लागला!
सिग्ने हसून हसून टेबलावर पडली.

१५ सप्टेंबर
छपराची पन्हळ पानांनी तुंबली. सिग्नेने मला शिडी लावायला सांगितली. लावली. दुसऱ्या पायरीवर थांबलो आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणालो: सिग्ने, मला उंचीची भीती वाटते.
ती म्हणाली, हो, माहितेय. उतर खाली. मी आईला बोलावलंय.
सासूबाई आल्या, बादली घेऊन वर चढल्या. मी खाली शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. वर बघितलं नाही.