चष्मेवालीच्या फोनची वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, धंद्याने चष्मेवाली, आता दुकान बंद करून घरी बसलेली, वय सत्तरीच्या पलीकडे आणि त्याहून जास्त विचारू नये, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि आपखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याची खात्री शेजारच्या वकीलबाईंनी करून घेतली आहे. आज वार कोणता, घरात कोण कोण, मालमत्ता काय, असे त्यांनी विचारले. मालमत्तेत मी फोनमधली अ‍ॅप्स सांगू लागले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. यजमान शेजारी बसून नको तिथे नाक खुपसत आहेत, पण त्याला दडपण म्हणत नाहीत, संसार म्हणतात.

यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. त्यातले धाकट्या भावाविषयीचे कलम तर दोनदा रद्द समजावे.

कलम पहिले : घर. राहते घर यजमानांच्या हयातीत त्यांचेच राहील, त्यांच्या पश्चात मुलीचे. यजमान आहेत तोवर मुलीने त्यात एकच गोष्ट करू नये. सामान हलवू नये. यजमानांची दृष्टी जाऊन बरीच वर्षे झाली. रोग डोळ्यांमागच्या नसेचा होता, त्याला काच चालत नाही. साऱ्या गावाला मी चष्मे घातले आणि माझ्याच घरी दिव्याखाली अंधार. तेव्हापासून आमच्या घरात खुर्ची जिथे आहे तिथेच असते.

कलम दुसरे : बचत. बँकेत जे काही निघेल ते मुलीला. मात्र त्यातला लहानसा वाटा दरवर्षी पुढे लिहिलेली अ‍ॅप्स तयार करणाऱ्यांना देणगी म्हणून पाठवावा. ती माणसे मी पाहिलेली नाहीत. कुठल्याशा देशात नोकरी करून, मुलांना झोपवून, उरलेल्या वेळात ती हे काम करतात असे ऐकते. देणगीचे बटण सापडत नाही ही सबब चालणार नाही. ते असते, बारीक असते. चष्मा लावावा.

कलम तिसरे : फोन आणि त्यातली अ‍ॅप्स. हे कलम मुख्य आहे.

वकीलबाई म्हणाल्या, "काकू, ही अ‍ॅप्स तर कोणीही घेऊ शकतं. जे आधीच सगळ्यांचं आहे ते तुम्ही मृत्युपत्रात कसं देणार?"

"म्हणूनच देतेय," मी म्हणाले. "वाटणीवरून भांडण होणार नाही."

हे कसे सुरू झाले ते लिहिणे भाग आहे. माझ्या धाकट्या भावाचे कोपऱ्यावर मोबाइलचे दुकान आहे. मला पहिला फोन त्यानेच दिला आणि त्यात कोणत्या तरी कंपनीचे एक फुकट अ‍ॅप टाकून दिले. आमच्या वडिलांचे बोलणे आम्ही जुन्या टेपवरून उतरवून घेतले होते. ते त्याने त्यात ठेवले, फोटोही ठेवले. टेप तोवर खराब झाली होती, ती टाकून दिली. एके दिवशी कंपनीने गाशा गुंडाळला आणि वडिलांचा आवाज तिच्याबरोबर गेला. मी भावाच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर रडले. तो म्हणाला, "फुकट होतं ना ताई? मग रडतेस कशाला?"

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणे टाकले. त्याच्या दुकानावरून जावे लागू नये म्हणून भाजीसुद्धा दुसऱ्या बाजूने आणू लागले. वर्षे गेली.

मग मुलगी सुट्टीला आली. तिने माझ्या फोनमध्ये एफ-ड्रॉइड नावाचे अ‍ॅप्सचे भांडार टाकले आणि म्हणाली, "आई, यातलं सगळं विनामूल्य आहे."

"मग आत्ताच्या आत्ता काढ," मी म्हणाले.

"अगं, हे फुकट नाही, मुक्त आहे. फुकट म्हणजे दुसऱ्याच्या घरचा चहा. त्यानं ऊठ म्हटलं की उठायचं. इथं चहा कसा केला तेच लिहून दिलंय. त्यांचं घर बंद झालं तर दुसरा कोणी करील."

चष्मेवालीला हे लगेच पटले. चष्म्याचा नंबर गिऱ्हाइकाच्या हातात लिहून द्यावा, मग त्याने काच कुठूनही घ्यावी, हा माझ्या दुकानाचा नियम होता. नंबर दाबून ठेवणारे दुकानदार मी पाहिले आहेत. त्यांची नावे लिहिणार होते, वकीलबाईंनी हात धरला.

सबब वाटणी अशी. अँटेनापॉड यजमानांना. त्यात इतिहासावरची बोलकी सदरे, म्हणजे पॉडकास्ट, ऐकत ते तासन्‌तास पडून असतात आणि मध्येच मला विचारतात, "अगं, झोपलीस का?" उत्तर द्यायला मी नसेन तेव्हा त्यांनी आवाज थोडा मोठा करावा. व्हीएलसी, म्हणजे ते नारिंगी-पांढऱ्या शंकूचे, तेही त्यांनाच. गाण्याची, भाषणाची कसलीही फाइल पुढे टाका, ते नाक मुरडत नाही. लग्न जुळवताना मीही एवढेच पाहिले होते.

कीपासडीएक्स, ज्यात सगळे पासवर्ड कुलपात आहेत, ते मुलीला. मुख्य पासवर्ड मी तिच्या कानात सांगितला आहे. ऐकून ती हसली. तो इथे लिहीत नाही, कारण पुढच्या कलमातला न्हावी हे वाचणार आहे.

कलम चौथे : न्हावी. यजमानांचा जुना मित्र. यजमान रोज दुपारी त्याच्या दुकानात बुद्धिबळ खेळायला जातात, चाली तोंडी सांगतात. न्हाव्याने ड्रॉइडफिश नावाचे बुद्धिबळाचे अ‍ॅप घेतले आहे, ते त्याला मीच दाखवले. मी दाखवले होते सरावासाठी. तो ते आरशाखाली उघडे ठेवून यजमानांना हरवतो. त्याला मी काहीएक देत नाही. त्याने ते खेळताना बंद ठेवावे, एवढी आज्ञा.

हे वाचून दाखवल्यावर यजमान म्हणाले, "मला पहिल्यापासून माहीत आहे. तो एवढा हुशार असता तर माझी दाढी करताना कान तरी वाचला असता."

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला? एरवी या गल्लीत मला बरोबरीचा खेळाडू कोण मिळणार?"

सबब आज्ञा मागे घेते.

कलम पाचवे : स्ट्रीटकम्प्लीट आणि ऑस्मअँड. ही जोडी फोडू नये.

दृष्टी गेल्यावर यजमान वर्षभर घराबाहेर पडले नाहीत. मग एक दिवस म्हणाले, "मला न्हाव्याकडे जायचंय. एकट्यानं. तू हात धरून नेलंस तर ते जाणं नव्हे, पोचवणं झालं."

स्ट्रीटकम्प्लीट हे अ‍ॅप रस्त्यातून चालताना प्रश्न विचारते. इथे फुटपाथाला उतार आहे का? पायऱ्यांना कठडा आहे का? सिग्नलला आवाज आहे का? तुम्ही उत्तर दिले की ते जगाच्या सामाईक नकाशात जाते. मी घरापासून न्हाव्यापर्यंतची गल्ली न्‌ गल्ली पालथी घातली, भावाच्या दुकानासमोरून तेवढी मान वळवून गेले. लोकांना वाटले म्हातारी नगरपालिकेत लागली. एकाने तर मला आपल्या गटाराची तक्रार दिली. वाटेवरची प्रत्येक अडचण मी मग यजमानांच्या फोनमध्ये ऑस्मअँड या वाट दाखवणाऱ्या अ‍ॅपवर खूण करून ठेवली. जवळ गेले की ते बोलून सांगते. यजमान काठी घेऊन निघाले, गेले आणि दाढी करून परत आले. कान कापलेला होता, पण चेहरा असा की मी कापसाचा बोळा लावायचाच विसरले.

मात्र रस्ता बदलत राहतो, म्हणून मला सतत फिरावे लागे. गेल्या साली मी जिन्यात पडले, मांडीचे हाड मोडले आणि खाटेला खिळले. यजमान काही थांबायला तयार नाहीत. ते बाहेर पडले की माझा जीव टांगणीला.

आणि मग पडल्या पडल्या फोन पाहताना लक्षात आले की नकाशा शिळा होत नाही. नवा खांब आला, की नकाशात खांब. बाक सरकला, की नकाशातही सरकला. कोणीतरी माझे काम करत होते, आणि फक्त न्हाव्याच्या वाटेवर. मी त्यावरून यजमानांच्या फोनमध्ये खुणा करत गेले, कोण ते विचारले नाही. जगात चांगली माणसे असतात असे समजले.

एका सकाळी यजमान चपला घालत होते. मी अ‍ॅप उघडले तर मोबाइलच्या दुकानासमोर नकाशावर एक निनावी शेरा : 'पाइपासाठी रस्ता खणलाय. कठडा लावलेला नाही. दाजींना आज पलीकडून पाठवा.'

दाजी! साऱ्या पृथ्वीच्या नकाशावर माझ्या नवऱ्याला दाजी म्हणणारा माणूस एकच.

"अहो, थांबा!" मी ओरडले. इतकी, की ते दारातच बसले.

मग मी फोन लावला.

"कोण?"

"मी."

मागून रस्ता खणल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "पाय कसा आहे, ताई?"

"तुला कोणी सांगितलं?"

"भाचीनं. अ‍ॅपही तिनंच शिकवलं. दाजी रोज काठी टेकत माझ्या दुकानावरून जातात गं. मी गल्ल्यावरून उठून पायरीपर्यंत यायचो, आणि परत जाऊन बसायचो. हाक मारायची कुठल्या तोंडानं?"

"इतकी वर्षं?"

"'फुकट होतं ना' म्हणालो होतो मी. तो अप्पांचा आवाज होता, आणि मी गिऱ्हाइकाशी बोलतो तसं तुझ्याशी बोललो."

मी त्याला पुष्कळ बोलले. ते इथे लिहीत नाही, मृत्युपत्राला मर्यादा असते. शेवटी म्हणाले, "दुकान बंद करून संध्याकाळी ये. आणि येताना खड्डा बघून ये."

वडिलांचा आवाज गेला तो गेलाच. तो आम्हाला परत मिळालेला नाही. पण आता तो कसा होता यावर आम्ही दोघे तावातावाने भांडतो. मी म्हणते जाड होता, तो म्हणतो मुळीच नाही.

कलम सहावे (हे लिहून झाल्यावर रद्द झाले आहे. खोडू नये, लोकांना वाचू द्यावे) : माझ्या दुकानातला बारीक स्क्रूड्रायव्हरांचा संच, भिंगे आणि अक्षरांचा तक्ता धाकट्या भावास. चष्म्याचे आणि फोनचे स्क्रू सारखेच जमिनीवर पडून नाहीसे होतात.

रद्द होण्याचे कारण असे. आज सह्यांसाठी सगळे स्वयंपाकघरात जमले. एक साक्षीदार न्हावी, कारण त्याला काही मिळत नाही. दुसरा ठरलेला गृहस्थ आलाच नाही. भाऊ उठला, "आणा, मी करतो सही."

वकीलबाई म्हणाल्या, "मामा, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुमचं कलम बाद होईल. दुसरा माणूस उद्या आणू."

"होऊ दे बाद."

"अरे, हट्ट कसला?" मी म्हणाले. "तुझ्यासाठी आठवणीनं लिहिलंय."

त्याने पेनचे टोपण काढले. "ताई, वारसाला तू गेल्यावर बोलावणार. साक्षीदाराला तू समोर बसलेली लागतेस. मला हेच बरं आहे."

यजमानांनी हात पुढे करून भावाचा खांदा चाचपला आणि सही कुठे करायची ते त्याला दाखवू लागले. साफ चुकीच्या जागी. त्याने तिथेच केली. वकीलबाईंनी ती ग्राह्य धरली आहे.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून दाखवले, कबूल केले.

ठिकाण : आमचे स्वयंपाकघर, खिडकीकडची बाजू.
दिनांक : वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो.

मृत्युपत्र करणार : चष्मेवाली (सही)

साक्षीदार :
१. न्हावी (सही)
२. धाकटा भाऊ, मोबाइलवाला (सही, वर समासात पाहावी)