उन्हात धरलेली पाटी

तिसगाव,
९ मे २०२५

प्रिय पूजाताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. भंडारदऱ्याला फोन लागला तर लागतो, म्हणून लिहितोय असं समज. कांदा काढून झाला. शेळीला दोन करडं झाली.

तू विचारलं होतंस, मंगळाच्या मातीचं तू तिसगावात बसून काय करतोस? सूर्य पाठीशी असला की माती उजळ दिसते, कारण प्रत्येक कणाची सावली त्याच्याच मागं लपते. सूर्य समोर आला की सावल्या दिसतात, तीच माती काळवंडते. यानानं पाठवलेल्या फोटोंतली माती बारीक की भरड, हे त्यावरून ओळखायचं. त्यासाठी आपल्या माळावरच्या तांबड्या मुरमावरून परतणारा उजेड मी मोजतो. शेजारी कुणाला तरी पांढरी पाटी धरावी लागते, तुलनेसाठी.

शनिवारी कुणी मिळालं नाही. आई म्हणाली, "मी धरते की. त्यात काय हाय?"

ऊन अगदी डोक्यावर होतं. माझं लक्ष लॅपटॉपवर, आकडे सुरेख येत होते. ती म्हणाली, "पार्था, डोळ्यापुढं अंधारी येतीय रं."

ताई, मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. तरी म्हणालो, "हलू नको आई, एवढं एकच." ते झाल्यावर आणखी एक घेतलं. ती पडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं मान वर केली.

उष्माघात. नगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी "आई झोपलीय" म्हणालो. तिला सलाईन चालू होतं. परवा घरी आणलं. बोलते, पण मधेच शब्द सापडत नाही.

शुद्धीवर आल्यापासून ती सगळ्यांना सांगते, "मीच उन्हात गेल्ते, पोराला ठावं नव्हतं." आप्पा तिच्यावरच ओरडले, "या वयात एवढं कळत न्हाई व्हय तुला?" ती खाली मान घालून ऐकत राहिली. मी दारात उभा होतो.

आज सकाळी आप्पांना खरं सांगितलं. ते आत गेले, आईच्या पायथ्याशी बसले आणि तिचे पाय चेपू लागले. आई म्हणत होती, "आवं, हे काय करताय, सोडा." त्यांनी सोडले नाहीत. माझ्याकडं पाहिलंही नाही.

तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. तिच्याजवळ बस.

आशीर्वाद मागायचं धाडस न होणारा तुझा भाऊ,
पार्थ