हेडचा तिसरा नट

९ मार्च
दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये गेले आणि आधी डबाच आठवला. नांगरट चालू असली की माझे यजमान र. जेवणाचा डबा इंजिनाच्या अंगाला दोरीनं बांधायचे. जेवायच्या वेळी भाजी इतकी गरम, की झाकण पदरानं धरावं लागे. दोघं दोन मडगार्डवर बसून जेवायचो. भाजीला डिझेलचा वास. "तुझ्या कॉन्व्हेंटात देत होते का असं?" दरवेळी हेच विचारायचे आणि स्वतःच हसायचे.

र. गेल्यापासून ट्रॅक्टर तसाच उभा. इंजिन जाम. अजितचा पुण्याहून फोन: महिनाअखेर भंगारवाला पाठवतो, आई, आता तरी मोकळी हो. म्हटलं, आधी उघडून बघू दे. ब्लॉकला, इंजिनाच्या ओतीव सांगाड्याला, तडा निघाला तर मीच भंगारात देईन. नाही निघाला तर ट्रॅक्टर कुसुमच्या सोसायटीला.

कुसुम म्हणजे माझी धाकटी जाऊ, दूध सोसायटीची चेअरमन. सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी घातली आहे. पाणी धर्मापुरीच्या वाटेवरच्या विहिरीत. चाकाची टाकी सोसायटीची आहे, पण ओढायला काही नाही. बैलांच्या बरगड्या मोजाव्यात अशा. त्यांना कोण जुंपणार?

अजित "बरं" म्हणाला. वर, "हट्ट करू नकोस." करणार आहे.

१० मार्च
सुदाम मिस्त्री आला. तोंडात तंबाखू, आवाज मोठा.
"काकू, हे इंजिन न्हाई, थडगं हाय."
"उघड तर आधी."
तळाचा बोल्ट सैल केला. आधी पाणी आलं, मग काळं तेल. तेलात पाणी म्हणजे हेडखालचं गॅस्केट, पाणी अडवणारी पातळ पट्टी, कुजलं असेल, नाही तर ब्लॉक फुटला असेल. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उचलल्याशिवाय कळणार नाही.
डिझेलची टाकी, पंप, नळ्या काढल्या. मी एकेक भाग जुन्या लुगड्यावर मांडला, निघाला त्या क्रमानं, शेजारी खडूनं आकडा. सुदामला घाई. "लग्नाचा बस्ता मांडलाय का काकू?"
मांडलाय. एकही वस्तू हलवायची नाही म्हणून सांगितलं.

१२ मार्च
हेडचे सगळे नट सुटले, समोरून तिसरा सोडून. गंजून दगड झालाय.
सुदाम: "बाकी समदे चांगले, अन् हितंच कावून एवढा गंज?"
मला माहीत होतं. दसऱ्याला लोक नारळ चाकापुढे फोडतात. र. बॉनेट उघडून इंजिनावरच फोडायचे, याच कोपऱ्यावर. राबतं हे, मग मान चाकाला कशाला, म्हणायचे. पाणी नटाभोवती मुरायचं. नारळाचं पाणी, देवाचं, पुसणार कोण? आणि मी शेजारी निरांजन धरून उभी.
कुसुमला हसू आवरेना. "अक्का, दादांनी भक्ती केली अन् इंजिनाला रोग लावला की!"
मीही हसले. मग शेडमागे जाऊन जरा उभी राहिले. परत आले.

१४ मार्च
नटावर डिझेल, स्टोव्हच्या ज्योतीचा शेक, हलके ठोके. हलत नाही.
सुदामनं घण उचलला. "एकच घाव घालतो. तुटला तर तुटला."
घण काढून घेतला. नटातला आट्यांचा दांडा तुटून ब्लॉक चिरला, की झालं. मग कुणी काही विचारायचंच नाही.
शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टर गुंता कात्रीनं कापू द्यायच्या नाहीत. बोटं दुखली तरी सोडवायचा. तेव्हा फार राग यायचा त्यांचा.
छावणीत एक गाय बसली ती उठली नाही. कुसुम आली, ओट्यावर बसली, चहाला नको म्हणाली. "तुमचं किती दिस चालणार हाय, अक्का?" आज पहिल्यांदा तिच्या आवाजात धार. पान्याला हात घातला.

१८ मार्च
सुटला!
रोज थोडं इकडे, थोडं तिकडे. आज दाराची बिजागरी बोलावी तसा करकरला आणि फिरला. सुदाम ओरडला, "हाय की जीव! हाय!" आणि तंबाखू गिळली. ठसका, पाणी, पाठीवर थापा. कुसुम म्हणाली, "मिस्त्री, इंजिनाआधी तुमीच जाता का काय!"
कप्पीनं हेड उचललं. पाण्याच्या वाटांमध्ये चुन्यासारखा पांढरा थर. टंचाईत गोडं पाणी पिण्याला, रेडिएटरला बोअरचं खारं. सगळेच तसं करायचे.
दोन पिस्टन चांगले. समोरचा गंजून चिकटलाय. तो आणि त्याची नळी बदलता येईल. गॅस्केट त्याच कोपऱ्यात कुजलेलं. म्हणजे तेलात पाणी कदाचित तिथूनच...
कदाचित. आज एवढंच लिहावं.

२० मार्च
क्रँक, पिस्टन, सगळं काढलं. ब्लॉक नुसता उरला. घासला, रॉकेल चोळलं, कोरडा पुसला, वरून खडूची पूड. चीर असेल तर तिच्यात राहिलेलं रॉकेल खडूवर रेघ ओढतं. आम्ही तिघं शेडमध्ये खाली बसून पांढऱ्या लोखंडाकडे बघत होतो.
सगळीकडे कोरडं. मग तिसऱ्या नटाच्या भोकापासून खाली, केसाएवढी रेघ.
सुदामनं पुसून पुन्हा केलं. पुन्हा उमटली, पण अर्धीच.
"वरचा ओरखडा असंल, काकू. असंल म्हन्तो. हायच म्हनत न्हाई."
अंबाजोगाईला कारखान्यात भोकं बंद करून दाबानं पाणी सोडतात. खरं तिथेच कळेल.
अजितला फोन केला. "आई, आपलं ठरलं होतं."
"तडा निघाला तर, असं ठरलं होतं. रेघ निघालीय."
मग म्हणाला, बाबांसारखं बोलतेस.

२१ मार्च
ब्लॉक उद्या दुधाच्या गाडीतून जाणार. कुसुमनं कॅनांच्या मधे जागा केली आहे. सुदाम सोबत. मी नाही जात. लुगड्यावरचं सामान राखायला कुणीतरी हवं.

निकाल यायच्या आधी लिहून ठेवते, म्हणजे नंतर माझंच मन फिरायला नको.

तडा निघाला तर:
मागची मोठी चाकं सोसायटीला, नवा गाडा करता येईल.
सीट कुसुमला. मीटिंगला खुर्च्या पुरत नाहीत म्हणते.
पाने सुदामला, पेटीसकट.
मीटरची तबकडी अजितच्या मुलीला.
स्टिअरिंग अजितला. नको म्हणाला तरी.
बाकी भंगारात. पण अजितनं स्वतः येऊन उभं राहून द्यावं, फोनवरून नाही.

तडा नसेल तर वरचं सगळं रद्द. कुणालाही काही मिळणार नाही. शेवटच्या वायसरपर्यंत जोडून, पान्यांच्या पेटीसकट, अख्खा ट्रॅक्टर सोसायटीला. सुदामनं रागावू नये.