मिरीसाठी स्थळ

द्वारका,
२० ऑक्टोबर २०२४

ती. वासंतीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कानाचं मशीन पुन्हा बिघडलं, हे शेजारच्या काकूंकडून कळलं. फोनवर मी ओरडायचं आणि तू भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, त्यापेक्षा पत्र बरं.

आमच्याकडे एक कुत्री आली आहे. काळी, एवढीशी, पॉमेरेनियनसारखी. बाजारामागच्या नाल्याकाठी तनयाला दिसली. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, पिल्लं विकणाऱ्या कुणीतरी तिला पिंजऱ्यात ठेवून वेतामागून वेत काढून घेतलं असणार आणि आता होत नाही म्हणून टाकून दिलं असणार. नखं वाढून वळली होती आणि पंजात घुसली होती. गळ्यातला पट्टा कातडीत रुतला होता आणि खाली अळ्या वळवळत होत्या. मला किळस आली. किळस तिची आली की हे करणाऱ्यांची? डायरीत मी 'करणाऱ्यांची' असं लिहिलं. पण तिला उचलताना मी दोन्ही हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या, तेही लिहायला हवं होतं, म्हणून नंतर लिहिलं.

तनयानं नाव ठेवलं मिरी. आता जखमा भरल्या आहेत, पण तनयाचा दमा उसळला. दिवाळीच्या सुमाराची हवा तुला माहीतच आहे. तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, घरात केसाळ प्राणी नको. प्रतीक म्हणतो, मुलगी की कुत्री हा प्रश्न विचारायचाच नसतो. खरं आहे. म्हणून मिरी बाल्कनीत आणि मी तिच्यासाठी घर शोधते आहे. घर मात्र चांगलं हवं. पुन्हा कुणी तिचा वापर केला, तर तिला नाल्यावरून उचललं ते कशासाठी?

तुझ्या ओळखीत कुणी आहे का? गुडघ्यांना तेल लावत जा आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
उत्तरा


गाझियाबाद,
२८ ऑक्टोबर २०२४

चि. उत्तरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. तुझ्या लग्नाच्या वेळी तुझ्या आईनं पाहिली नसतील एवढी स्थळं तू त्या कुत्रीसाठी पाहणार, असं दिसतं. मुलीची अपेक्षा काय, पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, तेही विचारून ठेव.

थट्टा पुरे. यशोधन आणि स्वरूपा तुला आठवत असतील. मंडळाच्या गणपतीत मोदक वाटत होती ती. यशोधन मोठा अधिकारी आहे. कस्तुरबा गांधी मार्गाजवळ सरकारी बंगला, पुढे हिरवळ, हाताखाली माणसं. त्याची आई आणि मी एका भजनी मंडळात. तिच्याकडे सहज विषय काढला, तर दुसऱ्याच दिवशी स्वरूपा स्वतः घरी आली. मिरी पूर्ण काळी आहे ना, एकही पांढरा केस नाही ना, असं दोनदा विचारलं. मुलगी काळी म्हटल्यावर अर्धा कप चहा तसाच ठेवून उठणारी माणसं मी पाहिली आहेत. इथे रंगाला मागणी! आपली माणसं आहेत, डोळे मिटून दे.

तनयाला वाफ दे. बाहेर धूर आहे, पहाटे फिरायला जाऊ नकोस. म्हातारीचं ऐकत जा, एवढंच मागणं.

तुझी,
वासंतीमावशी


द्वारका,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. वासंतीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मिरी काल यशोधनकडे गेली. तुझे आभार.

रविवारी मी दोन स्थळांना बोलावलं होतं, एक सकाळी, एक संध्याकाळी. तू चिडवलंस तसंच झालं. मी पोहे केले, मिरीला आंघोळ घातली, नवी गादी आणली. सकाळी प्रतीकच्या ऑफिसातला अनिश तुस्कानो आला, वसईचा. बायको नोकरीवर होती म्हणून एकटाच. आल्या आल्या म्हणाला, बाप रे, केवढा वास मारते ही. मग खाली बसून तिचा कान उलटा करून हुंगला, शी कशी होते, पातळ की घट्ट, किती वेळा, ओकते का, हे सगळं पोह्यांची बशी हातात घेऊन विचारलं. गोड शब्द एकही नाही. मी माझी बशी खाली ठेवली.

संध्याकाळी यशोधनबरोबर स्वरूपा आली. तिनं मिरीला बेबी म्हटलं, फोटो काढले, माझ्या पोह्यांची कृती विचारली. यशोधननं तर हात जोडून सांगितलं की ही आमच्या घरची लक्ष्मी.

मी अनिशला मेसेज केला की पत्रिका जुळत नाही असं समजा. पाठवल्यावर वाटलं, ख्रिस्ती माणसाला हा कसला नकार? त्याचं आडनाव मनात होतं का? डायरीत 'नाही' लिहिलं आणि खोडलं. मग 'घर भाड्याचं आहे, मालक काढेल' असं लिहिलं. तेही खरंच आहे. त्यानं उत्तरादाखल फक्त 'ओके' पाठवलं.

बाल्कनी धुतली. तनया रडली, पण श्वास मोकळा झाला. आशीर्वाद असू दे, बाकी सगळं चालतं.

तुझी,
उत्तरा


द्वारका,
१६ डिसेंबर २०२४

ती. वासंतीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र रागात लिहिते आहे. जड वाटलं तर बाजूला ठेव, पण वाच.

परवा शनिवारी यशोधनच्या बढतीची पार्टी होती. दुपारची, हिरवळीवर. मी मिरीबद्दल विचारलं, तर स्वरूपा हसून म्हणाली, मजेत आहे, मागे आहे, तुझ्या बेबीला जेवढं खायला मिळतं तेवढं आम्हालाही मिळत नाही. मला बरं वाटलं. मी एक गुलाबजाम घेतला. मग तनयासाठी एक फोटो काढावा म्हणून मागे गेले.

गॅरेजच्या भिंतीला तिला हातभर साखळीनं बांधलं होतं. समोर चपात्यांचा ढीग, सगळ्या मोहरीच्या तेलात भिजवलेल्या, खालच्या हिरव्या पडलेल्या, त्यांवर मुंग्या. कपाळावर शेंदूर. अंगावर तेलाचे हात पुसलेले, त्यात धूळ बसून केसांच्या दोऱ्या झाल्या होत्या. मागचा भाग जुलाबानं लडबडलेला आणि सोललेला. आणि मावशी, तिथे रांग होती. रेशमी साड्यांतल्या बायका, प्रत्येकीच्या हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेली तेलाची चपाती. एक बाई मुलाचं नाव आणि परीक्षेचं नाव घेऊन चपाती तिच्या तोंडात कोंबत होती. मिरी तोंड फिरवत होती, तर दुसरी म्हणाली, पकड़ के खिला दो जी, शनि का मामला है.

स्वरूपा मागून आली. जराही न चपापता म्हणाली की यशोधनच्या ज्योतिष्यानं सांगितलं होतं, घरात काळी कुत्री ठेवा, शनिवारी हातानं भरवा. गुण आला. मग शेजारणींनाही नाही कसं म्हणायचं? सगळ्यांचं भलं होतंय ना. आता बढती झाली, त्यामुळे संक्रांतीनंतर नेलीस तरी चालेल.

मी काय केलं असेल? मी म्हटलं, थँक यू, पार्टी छान झाली, आणि तिला आजच नेते. थँक यू म्हटलं! मला त्या चपात्यांची जेवढी किळस आली, तेवढीच माझ्या त्या शब्दाची आली. साखळी सोडली आणि तिला शालीत गुंडाळून टॅक्सीनं आणलं. ती पुन्हा बाल्कनीत आहे आणि तनया पुन्हा पंपावर.

एक विचारायचं आहे. पांढरा केस नाही ना, असं स्वरूपानं तुला दोनदा विचारलं होतं. तुला कारण माहीत होतं का? मी विचारते आहे, पण ते वाचून मीही खूशच झाले होते.

उत्तर कडू असलं तरी दे. लोभ तुटणार नाही.

तुझी,
उत्तरा


गाझियाबाद,
२१ डिसेंबर २०२४

चि. उत्तरास,
अनेक आशीर्वाद.

माहीत होतं. यशोधनची आई भजनाला आली की रोज त्या शनीचंच सांगायची. कुत्री हवी, काळी हवी, मिळत नाही. तेवढ्यात तुझं पत्र आलं. मला वाटलं, एका दगडात दोघांचं काम. देवाच्या नावानं ठेवलेल्या जिवाला कुणी छळत नाही, असं मी धरून चालले. भजनाला बसून बसून माणूस एवढा भाबडा होतो की एवढा लबाड, ते तूच ठरव. तुला मुद्दामच सांगितलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस.

काल त्यांच्या घरून बढतीचे पेढे आले. झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. डबा तसाच कचऱ्यात टाकला. सोमवारपासून त्या भजनाला जाणार नाही. त्यानं मिरीचं काही भलं होत नाही, हे मला कळतं.

त्या वसईच्या मुलाला विचार. तो नाही म्हणाला तर तिला माझ्याकडे आणून टाक. मला भुंकणं ऐकू येणार नाही, पण ती भुकेली असली तरी कळणार नाही, म्हणून आधी त्याला विचार. रागाव, पण लिहीत राहा.

तुझी,
वासंतीमावशी


द्वारका,
२ जानेवारी २०२५

ती. वासंतीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

रागावले होते. अजून थोडी आहे. तरी लिहिते आहे.

अनिशला फोन करायला मला आठवडा लागला. शब्द जुळवून लिहून काढले होते, त्यांतला एकही कामाला आला नाही. सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं की आता खाते का. मी म्हटलं, उकडलेला भात आणि कोंबडी. मग त्यानं विचारलं की पुन्हा पत्रिका बघणार का मॅडम. तो म्हणाला, घरमालकाला त्यानं तेव्हाच, नोव्हेंबरातच, विचारून ठेवलं होतं.

काल सकाळी नवराबायको आले. चहा नको म्हणाले. मी गादी, भांडं, औषधं बांधून दिली. त्यांनी औषधं घेतली, बाकी परत केलं. आणि एक अट घातली की भेटायला यायचं नाही, फोटो मागायचे नाहीत, निदान ती सवयीची होईपर्यंत. तनयानं माझ्याकडे पाहिलं. ही त्यांची सोय म्हणावी की माझ्यावरचा अविश्वास, असा विचार आला, पण दोन्ही असलं तरी त्यांचं चूक काय? मी हो म्हटलं.

मी खालपर्यंत गेले. धुकं एवढं होतं की समोरचा टॉवर दिसत नव्हता. मिरी अनिशच्या मांडीवर थरथरत होती, बायको गाडी चालवणार होती. गाडी सुरू होताच मिरी भडाभडा ओकली. त्याच्या शर्टावर, पँटवर, सीटवर. वास बाहेर माझ्यापर्यंत आला आणि मी नकळत मागे सरले. बायकोनं खिडकी उघडली. अनिश म्हणाला, बंद कर, तिला थंडी वाजतेय. काच वर गेली आणि त्या वासासकट तिघं निघून गेले.

तुझं मशीन दुरुस्त करायला रविवारी येते. लोभ आहेच, तो आता जरा धुऊन, पुसून वापरू.

तुझी,
उत्तरा