तिची आई कुठे होती?

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर १९९८

प्रिय रत्नमाला,
सप्रेम सलाम वि. वि.

तुला विहीणबाई म्हणायला अजून जीभ वळत नाही. कॉन्व्हेंटच्या बाकावर माझ्या डब्यातला खिमा पळवणारी मुलगी माझी विहीण झाली! मुनीर आणि करुणानं नोंदणी पद्धतीनं लग्न करून दीड वर्ष झालं, तरी खरं वाटत नाही.

तुझी लेक खुशाल आहे. डॉक्टरांनी नाताळच्या आसपासची तारीख दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तुमची-आमची एकच रीत. पण तिच्या वडिलांनी, तुझ्या मास्तरांनी, तिला दार बंद केलंय, म्हणून मी सांगितलं, की सगळं इथंच करू. ती हो म्हणाली आणि न्हाणीघरात नळ सोडून रडली.

आमच्याकडे गरोदर बाईजवळ कुराणातली सूरह मरियम, म्हणजे तुमच्या मरियेचा अध्याय, वाचतात. रोज सकाळी वाचून मी तिला मराठीत अर्थ सांगते. आमची मरियम माणसांपासून लांब, एकटी जाते. कळा आल्यावर खजुरीच्या बुंध्याला टेकते आणि याआधीच मेले असते तर बरं, असं म्हणते. तेव्हा आवाज येतो, की दुःख करू नकोस, पायाशी झरा आहे, बुंधा हलव, पिकला खजूर पडेल. करुणा म्हणाली, आमच्यात खजूर नाही, गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, सोबतीला योसेफ आहे. मग तिनं विचारलं, की तिची आई कुठे होती?

तू संडे स्कूलमध्ये इतकी वर्षं शिकवलंस. तुमच्या पुस्तकात बघून कळव.

आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझी,
खैरून


नेसरी
२९ नोव्हेंबर १९९८

प्रिय खैरून,
स. न. वि. वि.

नाताळच्या नाटकात सिस्टरांनी मरिया तुला केलं, कारण पांढरी ओढणी तुझ्याकडे होती. ख्रिस्ती घरातली मी मात्र गाढव झाले. तो राग अजून गेलेला नाही. तरीही उत्तर देते.

मला सापडेना म्हणून प्रश्न यांना विचारला. कुणाचा, ते सांगितलं नाही. चर्चच्या मंडळीतले एल्डर म्हणून यांना शास्त्राचा अभिमान. आठवडाभर बायबलातले मत्तय आणि लूक उलटेपालटे केले. देवदूत, कुमारी, म्हाताऱ्या जखऱ्याला झालेला मुलगा, सगळं मिळालं, आई मिळाली नाही. मग गडहिंग्लजच्या एका मुल्लांकडून यांनी मराठी कुराण आणलं! म्हणाले, जखऱ्या इथंही आहे, देवदूतही आहे. येशू देवाचा पुत्र की पैगंबर, इथं दोन वाटा होतात आणि त्या जुळायच्या नाहीत. पण मरियेची आई इथं भेटते. लेक पोटात असताना ती देवाला वाहते, जन्मल्यावर तिच्यासाठी दुवा मागते. मात्र बाळंतपणाच्या वेळी ती यातही नाही.

पुस्तक मिटून यांनी विचारलं, की हा प्रश्न कुणाचा? मी म्हटलं, करुणाचा. हे उठले आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. दाणे सकाळीच टाकले होते.

शेजारच्या बाळाबाईनं भिंतीपलीकडून ऐकवलंच, की मास्तर, लेक काय पावणी हाय व्हय, दारातनं परत धाडायला? तरी तिला घरी आणायला यांच्या तोंडून हो निघत नाही. मी काय करू, सांग.

तुझीच,
रत्नमाला


राजारामपुरी
७ डिसेंबर १९९८

प्रिय रत्नमाला,
सलाम वि. वि.

मास्तरांना माझे आभार सांग. आमच्या ग्रंथातली आई त्यांनी शोधून दिली, माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

लहानपणी मी अम्मीला विचारायचे, की कळा देणाऱ्या बाईला एवढं झाड कसं हलेल? अम्मी म्हणायची, तिनं हात लावायचा, पाडायचं काम वरच्याचं. तू हात लाव. इथं ये. लेकीच्या सासरी आई राहत नाही म्हणतात, म्हणू देत. वीस तारखेच्या सुमारास आमचे रोजे सुरू होतील, तेव्हा चहा तुझा तुलाच करून घ्यावा लागेल, एवढीच अडचण.

वाट पाहणारी,
खैरून


नेसरी
३ फेब्रुवारी १९९९

प्रिय खैरून,
स. न. वि. वि.

करुणा आणि नात काल इथं सुखरूप पोचल्या. आटलेल्या ओढ्यासारखं घर होतं, आता पाणी आलं.

तुझ्या घरी होते तेव्हा मला तुझ्याशी बोलता आलं नाही, ते लिहिते. उपाशीपोटी तू माझ्यासाठी भाकरी थापलीस. माझ्या लेकीची पाठ शेकलीस. मी उशाशी प्रार्थना करत असले, की तू दार हळूच लोटून घ्यायचीस.

नाताळच्या सकाळचं तुला माहीत नाही. पाळकांच्या पत्नीनं मला इथं आल्यावर सांगितलं. चर्चमध्ये शास्त्रवाचन यांच्याकडे होतं. मरिया-योसेफाला धर्मशाळेत जागा मिळाली नाही, तिथवर आले आणि यांचा आवाज गेला. पुढचं पाळकांनी वाचलं. हे तसेच एसटीनं निघाले. तुमच्या दारात पोचले ते रोजा सोडायच्या वेळेला. तू काहीएक न विचारता खजुराची बशी पुढं केलीस. यांनी एक उचलला, तो करुणाच्या हातावर ठेवला, आणि मग दोन दिवसांच्या नातीला घेतलं. हे सगळं तुझ्या डोळ्यांसमोरच झालं. त्या बशीबद्दल मी तुझे आभार कसे मानू?

त्या संध्याकाळच्या खजुरांच्या बिया यांनी खिशात घालून आणल्या होत्या, हे मात्र मलाही माहीत नव्हतं. परसात नळाजवळ पुरल्या आहेत. रोज पाणी घालतात. बाळाबाई हसून हसून म्हणाली, की मास्तर, ह्याला खजूर लागंस्तवर तुमची नात म्हातारी हुईल की!

यांनी तिला शांतपणे सांगितलं, की मग बुंधा नातीनंच हलवावा.

तुझी विहीण आणि तुझं गाढव,
रत्नमाला