तीन पाण्यांनी धुतलेली पासी

प्रिय पेची,

माझं अक्षर तुला ओळखू येईल का, कोण जाणे. पाचवी शिकलेली बाई मी, त्यात बोटांना चिंध्या गुंडाळून खडकावरचं शेवाळ, आपली पासी, उपटण्यात तीस वर्षं गेली. ही बोटं पेन धरतात तेही कोयता धरल्यासारखं. माझ्याबरोबर पासी काढणारी सवेरिअम्माळ शेजारी बसून हसतेय. म्हणते, "राक्कम्मा, एवढी गिचमीड करतेस त्यापेक्षा फोन कर की!" तिला काय सांगू? फोनवर एकदा बोलले तुझ्याशी, आणि जे बोलायचं तेच राहिलं.

इकडचं बरं नाही. टँकर आठ दिवसांनी येतो, घराला चार घागरी. कांजीला पाणी घालताना हात आखडतो. डोळ्यांसमोर अख्खा समुद्र, आणि तोंड धुवायला वाटीभर गोडं पाणी. पासीही कमी झालीय. पूर्वी गुडघाभर पाण्यात मिळायची, आता श्वास रोखून खाली जावं लागतं. तुझे अप्पा असते तर म्हणाले असते, समुद्रालाही म्हातारपण आलंय.

तुला आठवतं, लहानपणी गोड्या पाण्यानं पासी धुवायचं काम तुझं होतं? पहिलं पाणी वाळूचं, दुसरं मिठाचं, तिसरं जिभेचं. तिसऱ्या पाण्यानंतर तू एक काडी तोंडात घालायचीस आणि डोळे मिटून निकाल द्यायचीस, "अम्मा, अजून खारट आहे." मग मी चिडायचे, आणि आपण पुन्हा धुवायचो. तुझी जीभ कधी चुकली नाही. अशी धुतलेली पासी पिंपात वीस दिवस कुजवायची, गाळायची, आणि तो काळा रस घागरभर पाण्यात एक पेला घालून उन्हं कलल्यावर पिकावर मारायचा. हे आपण आपल्या परसातल्या वांग्यांना करायचो, कुणाला सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंही नव्हतं.

तुझं लग्न कोरडवाहू गावात झालं तेव्हा तुझ्या सासरच्या बायका नाकाला पदर लावायच्या. "मासळीवाल्यांची पोर आणलीय." मी आले की ओसरीच्या खाली बसायचे. मग तो पहिला दुष्काळ आला, तू हट्टानं आपला रस मिरचीवर मारलास, आणि चहूकडची मिरची माना टाकून पडली तेव्हा तुझ्या नवऱ्याची, करुप्पय्याची, तेवढी उभी राहिली. पाऊस काही रसानं पाडला नाही, पण पाऊस येईपर्यंत त्यानं झाडं तगवली. पुढच्या खेपेला विहीणबाईंनी मला खुर्ची दिली. निळी, प्लॅस्टिकची, एक पाय वाकडा. पेची, हसशील, पण त्या खुर्चीवर बसताना मला वाटलं, आपण माणसांत आलो.

म्हणूनच तुला हे कळायला हवं. पोंगलनंतर तुझ्या शेतात माझ्या रसाची फवारणी झाली. करुप्पय्या एकटा पंप पाठीवर घेऊन किती खेपा करणार, म्हणून तू पाण्याच्या घागरी वाहिल्यास, आणि तुझ्या अडचणीचा तो दुसरा दिवस होता. फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, आठवड्यात फुलं गळली, दोन एकर मिरची उभ्याउभ्या वाळली. मी आले तेव्हा इरुळायी विहीणबाई अंगणात उभ्या राहून साऱ्या गल्लीला ऐकवत होत्या, "विटाळाचे पाय शेतात घातले हिनं! रसानं दोन दुष्काळ तारलं, यंदाच कसं जळलं?" तू गोठ्याच्या दारात मान खाली घालून उभी होतीस. माझ्याकडे एकदा पाहिलंस.

मी शेतात जाऊन आले होते, पोरी. करपलेलं एक पान सवयीनं जिभेवर ठेवलं होतं. आणि परत येऊन त्या निळ्या खुर्चीवर गप्प बसून राहिले. विहीणबाईंनी दिलेला चहासुद्धा प्याले.

त्यानंतर तू फोन केलास. तुझं जेवण गोठ्यात येतं, विहिरीवर जायला बंदी आहे, करुप्पय्याला दुसरं लग्न सुचवतायत, हे सगळं तू कसं सहज सांगितलंस, जणू शेजारणीचं सांगत होतीस. आणि शेवटी विचारलंस, "अम्मा, खरंच माझ्यामुळे जळलं का गं?" मी म्हणाले, "जे व्हायचं ते होतं, तू मनाला लावून घेऊ नकोस." तू "बरं" म्हणालीस. तुझं ते "बरं" मला झोपू देत नाही.

आता ऐक, आणि ऐकल्यावर हे पत्र करुप्पय्याच्या हातात दे, त्यानं ते अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचावं, गल्लीला ऐकू जाईल असं. पोंगलच्या आधीच्या मार्गळी महिन्यात टँकर आला नाही. सवेरिअम्माळनं विचारलं, "अक्का, पासी धुवायची कशानं?" मी म्हणाले, "एवढा समुद्र पडलाय, धू त्यात." तीन वेळा धुतली, तिन्ही वेळा समुद्रातच. बायका हसल्या, मीही हसले. सगळं आयुष्य त्याच पाण्यात काढलेल्या बायकांना ते पाणी धुवायला चालतंच. गाळलेला रस चाखला तेव्हा खारट लागला, तुझ्या शेतातल्या त्या पानासारखाच. ते मला कळलं होतं, पेची. पण यंदा रस नाही असं सांगितलं असतं तर ती खुर्ची गेली असती, म्हणून डबे भरून पाठवले. डबा आईचा, म्हणून तू चाखला नाहीस. अर्धा डबा अजून गोठ्याच्या माळ्यावर असेल. तो खाली काढ, एक थेंब विहीणबाईंच्या जिभेवर ठेव आणि एक तुझ्या. मी शुक्रवारच्या पहिल्या बसनं येतेय, अंगणात उभी राहून हेच तोंडानं सांगेन, खुर्ची मांडू नका म्हणावं. तुझ्या पायांनी काही जळलं नाही, बाळा. मी जाळलं, आणि तुला त्यात उभी राहू दिलं.

तुझीच, अजून तू म्हणू देशील तर,
अम्मा